दाय आणि उत्तरदायित्व

गृहस्थाच्या घरी मूल जन्मास आले की पाळण्याभोवती पहिली चर्चा होते ती रूपाची. नाक आजोबांचे, कपाळ आईचे, बोटे आत्याची, अशी वाटणी बारशाच्या आधीच होऊन जाते आणि ती ऐकून सर्वांस संतोष वाटतो. परंतु तेच मूल आजारी निघाले, अथवा ज्या घरास मुलगा हवा होता तेथे मुलगी झाली, म्हणजे त्याच पाळण्याभोवती निराळा प्रश्न उभा राहतो : हे आले कोणाकडून? पहिल्या चर्चेत कौतुक असते, दुसरीत आरोप असतो. पहिल्या वेळी प्रत्येक जण आपला वाटा पुढे करतो. दुसऱ्या वेळी प्रत्येक जण हात मागे घेतो, आणि बहुधा परक्या घरून आलेली सून तेवढी उत्तर देण्यासाठी उभी राहते.

आईबापांचे गुणधर्म संततीत कसे उतरतात, याचे ज्ञान गेल्या दीडशे वर्षांत पुष्कळ वाढले आहे. त्या ज्ञानाच्या प्रकाशात हा जुना आरोप कितपत टिकतो, आणि जे मनुष्याने स्वतः निवडले नाही त्याबद्दल तो कितपत उत्तरदायी ठरतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न शास्त्राचा तर आहेच. पण त्याचे उत्तर घराच्या माजघरात द्यावे लागते, म्हणून तो धर्माचाही आहे.

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ते कल्पित असले तरी असे प्रसंग या देशात नित्य घडत असतात. इंदुरास स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. थोरल्या मुलाच्या लग्नानंतर दोन वर्षांनी नातू झाला. जन्माच्या वेळी मूल गुटगुटीत होते. सातव्या-आठव्या महिन्यात ते फिकट दिसू लागले, दूध नीट पिईना, पोट फुगल्यासारखे दिसे. दृष्ट काढून झाली. दात येत असतील, अशी समजूतही झाली. शेवटी रक्त तपासले, तेव्हा डॉक्टरांनी थॅलसेमिया हे नाव सांगितले. रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य, ते या रोगात शरीरास पुरेसे निर्माण करता येत नाही. गर्भातील बालकाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते, म्हणून जन्मतः काही उणे दिसत नाही. ते ओसरून मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन तयार होण्याची वेळ आली की उणीव उघडी पडते. अशा मुलास दर दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. त्या रक्तातील लोह शरीरात साचून हृदय व यकृत यांस अपाय करते, यास्तव ते बाहेर काढणारी औषधेही नियमाने घ्यावी लागतात. जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेचे रोपण यशस्वी झाले तर रोग बरा होतो; परंतु असा दाता प्रत्येकास मिळत नाही.

निदान ऐकताच आजीच्या तोंडून पहिले वाक्य निघाले : "आमच्या सात पिढ्यांत असले काही नव्हते." सून काही बोलली नाही. तिच्या माहेरीही सात पिढ्यांत असले काही नव्हते. पण ते ऐकून घेणारे तेथे कोणी नव्हते. पुढे डॉक्टरांनी आईबाप दोघांचेही रक्त तपासावयास सांगितले. दोघेही या रोगाचे वाहक निघाले. मग घरातील इतर माणसांनीही तपासणी करून घेतली, तेव्हा थोरल्या मुलाकडे हा अंश जिच्याकडून आला होता ती व्यक्ती सापडली. ती स्वतः आजीच होती.

निरोगी माणसांच्या पोटी रोगी मूल कसे जन्मते, आणि जन्मभर धडधाकट राहिलेल्या आजीच्या अंगी हा अंश लपून कसा राहतो, हे समजण्यासाठी वाटाण्याच्या एका बागेकडे वळले पाहिजे.

मोराव्हिया प्रांतातील ब्रनो या नगरात ग्रेगोर मेंडेल (१८२२–१८८४) नावाचा एक ख्रिस्ती मठवासी राहत असे. १८५६ ते १८६३ या काळात त्याने मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे वाढवून त्यांची नोंद ठेवली. गोल दाण्याचा वाटाणा व सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा त्याने संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील सर्वच दाणे गोल निघाले. सुरकुती नष्ट झाली, असेच कोणासही वाटले असते. परंतु त्याने त्या गोल दाण्यांची रोपे करून त्यांच्याच परागाने पुढील पिढी घेतली, तेव्हा ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे सुमारे तीनास एक. एक पिढीभर अदृश्य झालेला गुण जसाच्या तसा परत आला होता.

यावरून मेंडेलने जे अनुमान काढले ते थोडक्यात असे : आईबापांचे गुण दूध आणि पाणी मिसळावे तसे एकमेकांत विरघळत नाहीत. प्रत्येक जीवाजवळ अशा एकेका गुणाचे दोन अंश असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून आलेला. त्या दोहोंपैकी एखादा अंश दुसऱ्याच्या आड झाकला जाऊ शकतो. पण झाकला गेला म्हणजे संपला असे होत नाही. संततीस देताना त्या दोहोंपैकी एकच दिला जातो, आणि कोणता दिला जाईल हे देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. १८६५ साली मेंडेलने हे निष्कर्ष वाचून दाखविले, १८६६ साली ते छापले गेले, आणि जवळजवळ कोणीही त्यांकडे लक्ष दिले नाही. त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १९०० साली, तीन निरनिराळ्या देशांतील संशोधकांना तोच नियम आढळला, तेव्हा जगास मेंडेलची आठवण झाली.

मेंडेलने ज्यास अंश मानले त्यास १९०९ साली जे नाव मिळाले, त्याचा मराठी पर्याय 'जनुक' हा आहे. जन् धातूपासून साधलेला हा शब्द अर्थास अनुरूप आहे. ही जनुके पेशीतील गुणसूत्रांवर मांडलेली असतात. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे एकंदर ४६ गुणसूत्रे असतात. त्यांतील २३ आईची व २३ बापाची. त्यांवर शरीरातील निरनिराळी प्रथिने बनविण्याच्या सूचना देणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. हिमोग्लोबिनच्या ज्या घटकात थॅलसेमियाचा बिघाड होतो, त्याची सूचना अकराव्या गुणसूत्रावर आहे.

आता इंदूरच्या घराकडे परत यावे. ज्याची एक प्रत शुद्ध व एक सदोष, तो वाहक. शुद्ध प्रत काम भागविते. त्यामुळे वाहकास फार तर किंचित पांडुरता असते, पण तो रोगी नसतो आणि त्यास औषधही लागत नाही. ज्या दांपत्यापैकी एकच वाहक, त्याच्या मुलांस हा रोग होत नाही. फक्त प्रत्येक मूल वाहक असण्याचा संभव दोनांत एक असतो. आजी वाहक व आजोबा नव्हेत, म्हणून त्यांच्या घरात कोणी आजारी पडले नाही. परंतु दोन वाहक एकत्र आले, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चार शक्यता असतात : दोन्ही प्रती शुद्ध, ही एक, एक शुद्ध व एक सदोष, या दोन, आणि दोन्ही सदोष, ही चौथी. चौथ्या शक्यतेत मूल रोगी होते. येथे एक भ्रम विशेष सांभाळण्यासारखा आहे. चारांत एक याचा अर्थ असा नव्हे की, पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढील तीन निर्धास्त. फाशाला मागच्या दानाची आठवण नसते. प्रत्येक गर्भाच्या वेळी तीच चार दाने पुन्हा नव्याने समोर असतात.

भारतात दर शंभर माणसांत सरासरी तीन ते चार या रोगाचे वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत हे प्रमाण याहून अधिक आहे. एकाच समाजात विवाह करण्याची रूढी असल्यामुळे अशा समाजांत दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. गोत्र पाहून विवाह केला म्हणजे हा धोका टळला, असे मानण्यात अर्थ नाही. प्रत्येक मनुष्यास चार पणजोबा व चार पणज्या असतात आणि त्या आठांचाही अंश त्याच्या शरीरात असतो. त्याचे गोत्र मात्र त्यांपैकी एकाच पणजोबाकडून चालत आलेले असते. सातव्या पिढीपर्यंत मागे गेले तर त्या एकाच पायरीवर १२८ पूर्वज उभे असतात. श्राद्धात पितृवर्ग व मातामहवर्ग यांतील तीन-तीन पिढ्यांची नावे घेतली जातात. बाकीच्यांची नावेसुद्धा घरात कोणास ठाऊक नसतात. "सात पिढ्यांत असले काही नव्हते" हे वाक्य उच्चारणाऱ्याने इतक्या अज्ञात माणसांच्या वतीने साक्ष दिलेली असते.

ही शंका आपल्या पूर्वजांना सुचली नव्हती असे नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात भरद्वाज ऋषी आत्रेयांना असे विचारतात की, गर्भ जर आईबापांपासून होतो, तर अंध, मूक, कुब्ज अशा माणसांची मुले तशीच का होत नाहीत? आत्रेयांचे समाधान असे की, बीजाचा जो भाग बिघडलेला असेल त्याच भागाची विकृती संततीत उतरते. तो भाग बिघडलेला नसेल तर उतरत नाही. म्हणजे आईबापांचे दिसणारे शरीर आणि त्यांनी दिलेले बीज, यांत आत्रेयांनी भेद केला. एवढ्यावरून प्राचीनांना जनुके ठाऊक होती असे म्हणणे मात्र अयोग्य होय. त्यांचे मोठेपण त्यांनी विचारलेल्या प्रश्नात आहे. पुढील काळात जे शोध लागले त्यांचे श्रेय त्यांच्या पदरी बांधल्याने ते वाढत नाही.

इतक्या विवेचनावरून पहिला निर्णय करता येतो. दोष लावण्यास दोन गोष्टी अवश्य असतात : करणाऱ्यास ठाऊक असणे आणि त्यास अन्यथा करता येणे. बीज देताना यांपैकी एकही नसते. आईस ठाऊक नसते, बापास ठाऊक नसते, आणि ठाऊक असते तरी दोन अंशांतून चांगला तेवढा निवडून देणे कोणाच्याही हाती नव्हते. म्हणून रोगी मुलाच्या आईस अथवा बापास 'तुझ्यामुळे झाले' असे म्हणणे हे कार्यकारणाच्या दृष्टीने अर्धसत्य आणि न्यायाच्या दृष्टीने असत्य आहे.

मुलगी होण्याबद्दल सुनेस बोल लावणे, यात तर ते अर्धसत्यही नाही. गुणसूत्रांच्या तेविसाव्या जोडीत स्त्रीजवळ दोन्ही एक्स असतात आणि पुरुषाजवळ एक एक्स व एक वाय असते. आईकडून प्रत्येक अपत्यास एक्सच मिळते. बापाकडून एक्स मिळाले तर मुलगी, वाय मिळाले तर मुलगा. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने एका किड्याच्या पेशींत हा भेद दाखवून दिला. त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी मुली झाल्या म्हणून छळ झालेल्या स्त्रियांच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. आता यावरून कोणी बापास दोष देऊ लागेल, तर तोही तितकाच अन्याय होय. कारण बापही निवड करीत नाही. आरोपाचे बोट सुनेवरून मुलाकडे वळविणे हा या ज्ञानाचा हेतू नाही. ते बोट खाली यावे, एवढेच ते सांगते.

किंबहुना ज्यास येथे दोष म्हटले आहे तो सर्वकाळ दोषच होता, असेही म्हणता येत नाही. जे. बी. एस. हाल्डेन हे विख्यात जीवशास्त्रज्ञ १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यांनी १९४९ साली असे सुचविले होते की, ज्या प्रदेशांत मलेरियाचा उपद्रव असतो तेथे थॅलसेमियाचे वाहक त्या तापास अधिक टिकाव धरीत असावेत, आणि म्हणूनच हा अंश पिढ्यान्पिढ्या टिकला असावा. याच जातीचा दुसरा रोग सिकलसेल. त्याच्या वाहकांस मलेरियापासून संरक्षण मिळते, असे १९५४ साली आफ्रिकेतील पाहणीवरून दिसून आले. यावरून असा विचार मनात येतो की, आजीच्या अंगी जो अंश आढळला, त्यानेच कदाचित तिच्या एखाद्या अज्ञात पूर्वजास तापाच्या साथीतून वाचविले असेल. तो पूर्वज वाचला नसता तर आजी नसती, मुलगा नसता, आणि हा नातूही नसता. एका काळी जे कवच होते तेच दोन बाजूंनी एकत्र आले म्हणजे पीडा होते. अशा वस्तूस पाप हे नाव देता येत नाही.

येथे पूर्वपक्षी अशी शंका घेईल की, हे सर्व पूर्वजन्मीचे कर्म आहे. मुलाचे प्रारब्ध तसे होते, म्हणून तो अशा आईबापांच्या पोटी आला. मग रक्ताच्या तपासण्या करून काय साधणार? याचे समाधान असे की, कर्मसिद्धांत मान्य असणाऱ्याने तो आधी स्वतःस लावावयाचा असतो. स्वतःवर दुःख आले असता धैर्य यावे, हा त्याचा उपयोग. दुसऱ्याच्या मुलाकडे पाहून त्याच्या पूर्वजन्मीची वही वाचून दाखविण्याचा अधिकार त्या सिद्धांताने कोणासही दिलेला नाही. शिवाय प्रारब्धावर विश्वास असलेला मनुष्यसुद्धा विहिरीत पडलेल्या मुलास बाहेर काढण्यासाठी धावतोच. तेव्हा तो मुलाचे कर्म आड आणीत नाही. जेथे उपाय दिसत नव्हता तेथे मौन क्षम्य होते. उपाय दिसू लागल्यावर प्रारब्धाचे नाव घेऊन स्वस्थ बसणे हे स्वतःचेच एक नवीन कर्म होते, आणि त्याचा हिशेब स्वतःकडेच राहतो.

दुसरी शंका याच्या उलट टोकाची आहे. जर सर्व बीजातूनच येते, तर कोणीच कशास उत्तरदायी नाही. कोणी कोपिष्ट मनुष्य म्हणेल, आमच्या घराण्याचा स्वभावच असा. कोणी मद्यपी म्हणेल, वडीलही घेत असत. या शंकेत शास्त्राचा अर्थ चुकीचा घेतलेला आहे. थॅलसेमियासारखे रोग एका जनुकाच्या बिघाडाने होतात. मनुष्याचा स्वभाव, बुद्धी, उंची अथवा मधुमेहाकडे असणारा कल या गोष्टी मात्र अनेक जनुके आणि त्यांच्यासह आहार, संगती, शिक्षण, सवय यांच्या मिळणीतून घडतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्मास पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. देह हे अधिष्ठान आहे आणि ते वारशाने मिळते, हे खरे. परंतु त्या गणनेत कर्ता गाळलेला नाही आणि क्रियाही गाळलेल्या नाहीत. तसेच तिसऱ्या अध्यायात ज्ञानी मनुष्यसुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणे वागतो असे सांगून, लगेच पुढे, रागद्वेषांच्या अधीन होऊ नये असा उपदेश केला आहे. प्रकृती मान्य करून मग उपदेश करावयाचा, हाच याचा क्रम आहे. कोपाचा कल वडिलांकडून आला असेल. हात उगारण्याचा निर्णय ज्याचा त्याचा आहे.

वारशात मिळालेल्या ऋणाविषयी जुन्या धर्मशास्त्राचा विवेकही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, हे कर्तव्य धर्मशास्त्राने सांगितले आणि पुढे न्यायालयांनीही ते दीर्घकाळ मानले. २००५ सालच्या कायद्याने ते बंधन यापुढील ऋणांपुरते दूर झाले. परंतु ते मानले जात होते तेव्हाही पित्याने जुगारात किंवा मद्यपानात केलेले ऋण पुत्रावर लादले जात नसे. म्हणजे वारशाने मनुष्यावर भार येतो हे स्मृतिकारांनी मानले, पण दुसऱ्याचे दुराचरण त्याच्या माथी मारले नाही. वारशातील भार आणि वारशातील अपराध हे दोन पदार्थ त्यांनी वेगळे ठेवले होते.

वारशास संस्कृतात 'दाय' म्हणतात. दाय म्हणजे जे दिले गेले ते. 'उत्तरदायी' हा शब्दही त्याच दा धातूपासून झालेला आहे; त्याचा अर्थ उत्तर देणारा. दोन्ही शब्दांत देणे आहे, पण देणारा भिन्न आहे. दाय मनुष्यास दुसऱ्याने दिलेला असतो. उत्तर त्याने स्वतः द्यावयाचे असते. घेतलेल्या बीजाबद्दल मनुष्य अपराधी नाही. परंतु ते बीज कोणते, हे कळल्यावर तो काय करतो, याबद्दल त्यास उत्तर द्यावेच लागते. या विषयातील खरा नैतिक प्रश्न येथे सुरू होतो.

इंदूरच्या त्या घरातही तो सुरू झाला. धाकट्या मुलीसाठी स्थळे पाहणे चालू होते आणि एका ठिकाणी बोलणी बरीच पुढे गेली होती. आजी, म्हणजे त्या मुलीची आई, वाहक. अर्थात् मुलगीही वाहक असण्याचा संभव दोनांत एक. तिच्या काकांचे म्हणणे पडले, "लग्न होईपर्यंत तिची तपासणीच नको. कळलेच नाही तर लपविल्यासारखे होणार नाही." हा युक्तिवाद अनेक घरांत ऐकू येतो. परंतु ठाऊक नसणे आणि ठाऊक होऊ न देणे, यांत अंतर आहे. दार उघडले तर आत काय दिसेल याची कल्पना असल्यामुळे जो दार उघडीत नाही, त्यास अज्ञानी म्हणता येत नाही. मुलीने स्वतःच हट्ट धरून रक्त तपासून घेतले. ती वाहक निघाली.

तेव्हा काकांनी दुसरे म्हणणे मांडले, "वाहकाला काही होत नाही ना? मग सांगायचे कशाला? त्यांनी तरी आपल्या मुलाची तपासणी कोठे केली आहे?" यातील पहिले वाक्य सत्य आहे, म्हणूनच हा युक्तिवाद फसवा आहे. वाहकास काही होत नाही. होते ते दोन वाहकांच्या मुलास. वरपक्षास सांगावयाचे ते मुलीत उणीव आहे म्हणून नव्हे. वराची तपासणी झाल्यावाचून पुढील पिढीचा धोका कळत नाही, म्हणून सांगावयाचे. ज्याच्या आयुष्याचा येथे प्रश्न आहे ते मूल अजून जन्मलेले नाही, आणि त्यास आपली बाजू मांडता येत नाही. त्याच्या वतीने बोलण्याचे काम आजच्या वडीलधाऱ्यांचे आहे.

शेवटी आजीनेच निर्णय दिला. "विहीणबाईंना मी स्वतः जाऊन सांगते. अंश माझ्याकडून आला आहे, तेव्हा शब्दही माझ्याकडूनच जाऊ दे." तिने जाऊन सांगितले आणि वराचे रक्त तपासण्याची विनंती केली. वरपक्षाने तपासणी केली नाही. आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. सत्याचे मोल तत्काळ मिळतेच असे नाही. कधी ते आधी द्यावे लागते. दीड वर्षाने दुसऱ्या घरी पुन्हा तेच सांगितले गेले. तेथील मुलाने तपासणी करून घेतली, तो वाहक नव्हता, आणि विवाह झाला. तो वाहक असता तर विवाह अशक्यच झाला असता, असेही नाही. मग त्या दोघांनी सर्व काही जाणून, गर्भाची वेळीच तपासणी करावी की दत्तक घ्यावे की विवाहाचाच पुन्हा विचार करावा, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरविले असते. तो निर्णय कठीण आहे. पण तो त्यांचा स्वतःचा आणि डोळसपणे घेतलेला झाला असता.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा अनेक वाचकांस ठाऊक असेल. गुरूने गोत्र विचारले असता त्याने आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले की, गोत्र ठाऊक नाही. गुरूने त्यास स्वीकारले ते कुलाची माहिती मिळाली म्हणून नव्हे. आपल्या जन्माविषयी लाजिरवाणे वाटेल असे सत्यही त्याने लपविले नाही, म्हणून. कुलापेक्षा कुलाविषयीचे सत्य सांगण्याचे धैर्य श्रेष्ठ, हा त्या कथेचा भाव आजच्या विवाहाच्या बोलण्यांतही लागू पडतो. मात्र सत्य सांगणे म्हणजे ते चव्हाट्यावर मांडणे नव्हे. ज्याच्या आयुष्याशी त्याचा संबंध आहे त्यास ते सांगितलेच पाहिजे. गल्लीतील इतरांस ते सांगण्याचे कारण नाही.

या ज्ञानाचा दुरुपयोगही झालेला आहे, आणि गृहस्थाने तो विसरता कामा नये. १८८३ साली इंग्लंडमधील फ्रान्सिस गाल्टन यांनी उत्तम वंश वाढवावा आणि हीन वंश रोखावा, या विचारास एका शास्त्राचे नाव दिले. त्या विचाराने पुढे काय रूप घेतले, ते जर्मनीत दिसले. तेथे १९३३ सालच्या कायद्यान्वये सुमारे ४ लाख माणसांस, ती वंशास अपात्र आहेत असे ठरवून, बळाने संततीस मुकविण्यात आले. ज्यांना बीजाची चिंता होती त्यांनी माणसाकडे पाहिले नाही. म्हणून रोग टाळणे आणि रोग्यास तुच्छ लेखणे, या दोहोंत गल्लत होता कामा नये. पुढील मूल रोगमुक्त व्हावे असे इच्छिणाऱ्या घराने आज पाळण्यात असलेल्या मुलासाठी रक्ताची, औषधांची आणि शाळेची व्यवस्था तितक्याच आस्थेने केली पाहिजे. २०१६ सालच्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यात थॅलसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा अंतर्भाव झाला आहे. सिकलसेलसाठी भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू करून ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. सरकार तपासणी करू शकेल. परंतु तिचे पत्रक पेटीत दडवून ठेवावयाचे की लग्नाच्या बोलण्यात पुढे ठेवावयाचे, हे घरानेच ठरवावयाचे आहे.

तात्पर्य हे की, वारसा हा अपराध नव्हे. वारसा कळल्यावर पाळलेले मौन मात्र अपराध होऊ शकते. जे मिळाले त्याबद्दल कोणास लज्जा नको आणि कोणास गर्वही नको, कारण दोन्ही न मागता मिळालेले असते. गोरा रंग, तीक्ष्ण बुद्धी, दीर्घ आयुष्य यांचा अभिमान बाळगणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे की, ज्या आंधळ्या वाटणीतून शेजारच्या मुलास रोग मिळाला, त्याच वाटणीतून त्यास हे मिळाले.

मुलीचे लग्न पार पडल्यावर एके दिवशी आजी नातवाला रक्त देण्यासाठी सुनेबरोबर इस्पितळात गेली होती. मूल झोपले होते. बाटलीतील थेंबांकडे पाहत ती म्हणाली, "सूनबाई, जे मी तुझ्या माहेरी शोधत होते ते माझ्याच पदरात निघाले. त्या दिवशी मी बोलायला नको होते." सून म्हणाली, "आई, तुमच्या पदरात होते तसे माझ्याही पदरात होते. दोघींनाही ठाऊक नव्हते." एवढे बोलून तिने मुलाच्या पायांवरील पांघरूण नीट केले. ते बोटांपर्यंत पुरत नव्हते, म्हणून आजीने आपली शाल काढून त्यावर घातली.